उंबरठ्याबाहेरचें दुसरें पाऊल

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखांत उमरठ हें एक लहानसें गांव आहे. नकाशावर तें शोधावें लागतें. परंतु महाराष्ट्रांतील शाळकरी मुलाला त्याचें नांव ठाऊक असतें, कारण तें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. त्यांची समाधि तेथेंच आहे. इ. स. १६७० च्या माघ महिन्यांत कोंढाणा घेतांना तानाजी पडले. त्या मोहिमेस निघतांना त्यांनीं मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी अर्धवट टाकली होती, अशी कथा घरोघर सांगितली जाते. ‘आधीं लग्न कोंढाण्याचें, मग रायबाचें’ हे उद्गार पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडीं आहेत. कोणतें काम आधीं आणि कोणतें मागाहून, हा निवाडा ज्याला वेळेवर करतां येतो तो खरा शहाणा, हाच त्या कथेचा बोध.

हाच निवाडा त्या डोंगरांतील वाड्यावस्त्यांवर, आणि तेथेंच कशाला, आपल्या सर्वांच्या घरीं, गृहिणीला रोज करावा लागतो. फरक इतकाच कीं, तिचा निवाडा बहुधा तिच्या स्वतःच्या विरुद्ध जातो. आधीं घरचें सारें, मग माझें. आणि तें ‘मग’ पुष्कळदां उजाडतच नाहीं.

अशी एखादी बाई डोळ्यांपुढें आणावी. वय पन्नासच्या आसपास. न्हातांना तिच्या हाताला एका स्तनांत वाटाण्याएवढी गांठ लागते. ती दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणजे कांहीं नाहीं, असें ती मनाशीं ठरविते. पुढें भाताची लावणी येते. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. मग गौरी-गणपति येतात; मुंबईचीं माणसें घरीं उतरतात, आणि भरल्या घरांत असलें कांहीं बोलवत नाहीं. मग कापणी, झोडणी. मग मुलीची सोयरीक जुळते. आईला कसला तरी रोग आहे अशी कुजबुज व्याह्यांच्या कानीं गेली तर जमलेलें मोडेल, या धास्तीनें ती आणखी गप्प बसते. लग्न थाटानें पार पडतें. तोंवर वाटाण्याची सुपारी आणि सुपारीचें लिंबू झालेलें असतें. ही बाई कल्पनेंतील आहे. परंतु तिचें दुखणें आणि तिचें मौन हीं दोन्ही खरीं आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें, इ. स. २०२२ या एका वर्षांत भारतांत सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, आणि सुमारें ९८ हजार स्त्रिया त्या रोगानें दगावल्या. आपल्या देशांतील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आतां याचा क्रम पहिला आहे. युरोप-अमेरिकेंत हा रोग आपल्याकडच्याहून अधिक स्त्रियांना होतो. तथापि रोग झालेल्यांपैकीं मरणाऱ्यांचें प्रमाण तिकडे पुष्कळ कमी आहे. याचें एक मोठें कारण असें कीं, तिकडील बहुतेक स्त्रिया गांठ लहान असतांनाच वैद्याकडे पोंचतात. इकडील पुष्कळ स्त्रिया रोग पसरल्यावर पोंचतात.

रोगाची चाल समजून घेतली म्हणजे या उशिराची किंमत कळते. आरंभीं रोग्याच्या पेशी स्तनापुरत्याच असतात. त्या अवस्थेंत शस्त्रक्रिया आणि तिला जोडून किरणांचे व औषधांचे उपचार केले तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात व पुढें वर्षानुवर्षें संसार करतात. नंतर या पेशी काखेंतील ग्रंथींत उतरतात; तेव्हां उपचार लांबतो, खर्च वाढतो, तरीहि आशा पुष्कळ असते. त्याहि पुढें हाडें, फुफ्फुस, यकृत येथें रोग गेला कीं तो आटोक्यांत ठेवतां येतो, परंतु समूळ काढणें क्वचितच साधतें. म्हणजे प्रश्न बहुतांशीं औषधाचा नाहीं, वेळेचा आहे.

‘स्तनच कापून काढतील’ ही भीति अनेक स्त्रियांना घरीं बसविते. ती भीति पूर्वीं निराधार नव्हती. परंतु इटलींतील मिलान शहरीं डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनीं १९७३ सालीं एक तुलना आरंभिली. ज्यांची गांठ दोन सेंटिमीटरांहून मोठी नव्हती अशा सुमारें सातशें स्त्रियांपैकीं निम्म्यांचा सबंध स्तन काढला. निम्म्यांचा फक्त रोगट भाग काढून किरणोपचार केले. वीस वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हां दोन्ही गटांतील स्त्रियांचें आयुर्मान सारखेंच भरलें. म्हणजे जी स्तन जाईल या भीतीनें उशीर करते, ती त्या उशिरामुळेंच तो वाचविण्याची संधि घालविते.

आतां कशाकडे लक्ष द्यावें? स्तनांत किंवा काखेंत नवी गांठ. कातडीवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. बोंड आंत ओढलें जाणें. त्यांतून रक्तमिश्रित स्राव. किंवा एका बाजूच्या आकारांत नव्यानें पडलेला फरक. यांपैकीं कांहींहि दिसलें तर तें दाखवावें, दुखो वा न दुखो. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं, ही गोष्ट मुलीबाळींना घरोघर सांगण्यासारखी आहे. त्याबरोबर हेंहि सांगावें कीं, स्तनांतील बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. म्हणून दाखवायला जातांना मरणाची वाट धरल्यासारखें वाटण्याचें कारण नाहीं. हा रोग स्पर्शानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एकमेकींचीं वस्त्रें वापरल्यानें लागत नाहीं. सुई टोंचून पेशी तपासल्यानें तो भडकतो, ही समजूतहि खोटी आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. चीनमधील शांघाय शहरीं कापड-गिरण्यांतील सुमारें २ लाख ६६ हजार कामकरी स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांपैकीं निम्म्यांना स्वतःचे स्तन नियमितपणें कसे तपासावे तें पद्धतशीर शिकविलें. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, शिकविलेल्या व न शिकविलेल्या स्त्रियांच्या मृत्यूंच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं. याचा अर्थ स्वतःच्या शरीराकडे डोळेझांक करावी असा नव्हे. ठराविक विधि उरकल्यानें रोग टळत नाहीं; नवें कांहीं आढळलें तर जाणत्या हाताला तें लवकर दाखविणें महत्त्वाचें, असा त्याचा अर्थ.

तो जाणता हात कोणाचा? श्रीमंत देशांत ठराविक वयाच्या स्त्रियांची क्ष-किरणांच्या यंत्रानें, म्हणजे मॅमोग्राफीनें, कालांतरानें तपासणी होते. त्याला महाग यंत्र, अखंड वीज, तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारा तज्ज्ञ हें सारें लागतें. शिवाय तरुण स्त्रीच्या स्तनाची घडण दाट असल्यामुळें तें चित्र तितकें स्वच्छ उमटत नाहीं. आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानानें सरासरी लहान वयांत होतो. तेव्हां यंत्राची वाट न पाहतां, शिकविलेल्या बाईच्या हातानेंच तपासणी केली तर उपयोग होईल काय, असा प्रश्न निघाला. त्याचें उत्तर मुंबईंतच शोधण्यांत आलें.

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी यांनीं मे १९९८ मध्यें मुंबईच्या गरीब वस्त्यांचे वीस विभाग निवडले आणि त्यांपैकीं कोणते दहा तपासणीचे व कोणते दहा तुलनेचे, हें केवळ दैवावर सोंपविलें. ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया या कामांत नोंदविल्या गेल्या. दहा विभागांतील स्त्रियांना दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां, हातानें तपासणी करून मिळाली व रोगाची माहिती सांगण्यांत आली. उरलेल्या दहा विभागांत एकदां माहिती दिली गेली. त्यानंतर दोन्हीकडे वर्षानुवर्षें घरोघर जाऊन चौकशी चालू राहिली. सारें मिळून वीस वर्षें हें काम चाललें, आणि २०२१ सालीं त्याचा अहवाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापला गेला.

तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. बेताचें शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना कांहीं आठवडे शिकवून या कामासाठीं तयार केलें होतें. तपासणी म्हणजे तरी काय? आधीं बसवून दोन्ही बाजू डोळ्यांनीं पाहावयाच्या. मग निजवून बोटांच्या पेरांच्या सपाट भागानें सगळा स्तन व काख हळूहळू चांचपावयाची. कांहीं मिनिटांचें काम. टोंचणें नाहीं, कापणें नाहीं, यंत्र नाहीं. आणि तपासणारी बाईच असल्यामुळें संकोचाची धारहि बोथट होते.

निष्कर्ष काय निघाला? तुलनेच्या विभागांत ज्यांना कर्करोग निघाला त्यांपैकीं ४७ टक्के स्त्रियांचा रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या, अवस्थेंतला होता. तपासणीच्या विभागांत हें प्रमाण ३७ टक्क्यांवर आलें. मृत्यूंच्या बाबतींत सर्व वयांच्या स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तर घट सुमारें १५ टक्के दिसली. परंतु ती योगायोगानें नसेलच, असें शास्त्राच्या काट्यावर ठामपणें म्हणतां आलें नाहीं. पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा मागाहून वेगळा हिशेब केला तेव्हां मात्र मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटलेले आढळले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत तसा स्पष्ट फरक दिसला नाहीं. शास्त्र हें असें मोजून-मापून बोलतें, आणि त्यांतच त्याची विश्वसनीयता आहे. शिकविलेल्या बाईच्या दोन हातांना या कामीं किंमत आहे, इतकें मुंबईच्या गरीब वस्त्यांनीं जगाला दाखवून दिलें.

तथापि याच्याच जोडीला फिलिपाइन्स देशांतील मानिला शहराची हकीकत ठेवली पाहिजे; कारण खरा धडा तेथें आहे. तेथेंहि १९९५ पासून असाच प्रयोग सुरूं झाला. सुमारें दीड लाख स्त्रियांना तपासणी देऊं केली, आणि शेंकडा ९२ स्त्रियांनीं ती करून घेतली. यापेक्षां अधिक सहकार्य तें कोणतें? परंतु ज्या ३,४७९ स्त्रियांच्या स्तनांत गांठ लागली, त्यांना पुढील तपासासाठीं रुग्णालयांत जाण्यास सांगितलें, तेव्हां त्यांपैकीं केवळ ३५ टक्के स्त्रियांनीं तो तपास पुरा केला. घरीं जाऊन विनविलें तरी पुष्कळ जणींनीं साफ नकार दिला. अखेर पहिल्या फेरीनंतर तें काम थांबवावें लागलें.

म्हणजे पाऊल एक नाहीं, दोन आहेत. पहिलें पाऊल तपासणीच्या खोलीपर्यंतचें. तें जवळचें असतें, शेजारणींच्या संगतीनें पडतें, आणि त्याला कांहीं मिनिटें पुरतात. दुसरें पाऊल तेथून पुढें, मोठ्या रुग्णालयापर्यंतचें. तें एकटीला टाकतां येत नाहीं. त्याला पैसा लागतो, सोबत लागते, चार दिवसांची सवड लागते, आणि घरांतील कोणाचा तरी ‘जा’ हा शब्द लागतो. पुष्कळ स्त्रिया पहिलें पाऊल टाकून दुसऱ्यापाशीं थबकतात. त्यांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्या थबकतात त्या बहुधा अज्ञानामुळें नव्हे, उंबरठ्यामुळें.

आतां पुन्हां उमरठकडे वळावें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं आंखलेल्या योजनेप्रमाणें तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनाची तपासणी पांच वर्षांतून एकदां गांवपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत व्हावयाची आहे, आणि आशा सेविकेनें घरोघर जाऊन तशा स्त्रियांची नोंद करावयाची आहे. योजना कागदावर चांगली आहे. परंतु २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ज्यांनीं एकदां तरी स्तनाची तपासणी करून घेतली अशा शेंकडा एकहि भरत नाहींत. नेमकें प्रमाण ०.९ टक्के. मग आशाताई दारांत येऊन ‘वहिनी, चला, दहा मिनिटांचें काम आहे’ म्हणते, तेव्हां वहिनी ‘पुढच्या खेपेला पाहूं’ म्हणून आंत वळते, यांत नवल तें काय?

समजा, ती गेली आणि गांठ लागली. वाडीवरून पोलादपूर, पोलादपुराहून महाड, आणि तेथून मुंबई, हा प्रवास जवळजवळ दोनशें किलोमीटरांचा. रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकास खारघर येथें टाटा स्मारक केंद्राचें कर्करोगाचें मोठें केंद्र आहे. दक्षिणेस चिपळुणाजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या आश्रयानें टाटा केंद्राचें ग्रामीण काम कोंकणांत चाललेलें आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठीं शिधापत्रिका व ओळखीचे कागद बरोबर न्यावे. म्हणजे वाट अगदींच बंद आहे असें नाहीं. परंतु त्या बाईला केसपेपर कोठें काढावयाचा, कोणत्या रांगेंत उभें राहावयाचें, रात्रीं कोठें निजावयाचें, दुसरे दिवशीं पुन्हां कोठें यावयाचें, हें कोण सांगणार? गुरांना कोण पाहणार? म्हाताऱ्या सासूला पेज कोण देणार? गांठीचें निदान करण्यास सुई पुरते. त्या सुईपर्यंत पोंचण्यास मात्र सारें कुटुंब लागतें.

आणि येथें शहरांतील सुशिक्षित घरांचा संबंध येतो. महाड-पोलादपूरच्या वाड्या आणि मुंबईच्या चाळी यांचें नातें पिढ्यांचें आहे. गांवच्या घरांत राबणारी आत्या, काकी, वहिनी, आणि मुंबईंत नोकरी करणारा पुतण्या वा दीर, हें चित्र त्या मुलखांत घरोघर दिसतें. हा चाकरमानी शिमग्याला व गणपतीला गांवीं जातो तेव्हां साड्या नेतो, मिठाई नेतो. त्याच्या पत्नीनें माजघरांत बसून थोरल्या जावेला एक प्रश्न विचारावा: ‘ताई, तुम्ही तपासून घेतलें का? कधीं कांहीं हाताला लागलें का?’ पुरुषानें विचारूं नये असें नाहीं. पण बाईला बाईचें ऐकणें सोपें जातें. आणि उत्तर होकारार्थी आलें तर ‘दाखवा हो’ एवढें म्हणून परतूं नये. आपल्या दोन खोल्यांत चार दिवस तिची पथारी पसरूं द्यावी. एक दिवस रजा काढून तिच्याबरोबर रांगेंत उभें राहावें. पुढची तारीख कागदावर लिहून भिंतीला लावावी, आणि त्या तारखेला तिला पुन्हां बोलवावें. यास कसलीहि पदवी लागत नाहीं. परंतु मानिलाच्या ज्या शेंकडा ६५ स्त्रिया मागें राहिल्या, त्यांपैकीं कितीजणी असल्या एका सोबतीवांचून राहिल्या असतील, याचा विचार करावा.

शहरांतील घरांनीं हें गांवाला शिकवावें आणि स्वतः मोकळें राहावें, असेंहि नाहीं. ज्या घरांत मुलाच्या दांतांची तारीख व मोटारीच्या विम्याची तारीख पंचांगाशेजारीं टिपलेली असते, त्याच घरांत पन्नाशी उलटलेल्या गृहिणीची तपासणी कधीं झाली हें तिला स्वतःलाहि सांगतां येत नाहीं. शिक्षणानें शब्द उच्चारण्याची लाज कमी होते. स्वतःला शेवटीं ठेवण्याची संवय मात्र शिक्षणानें जातेच असें दिसत नाहीं. ती घालविण्यास घरांतील इतरांनींच पुढें झालें पाहिजे. पतीनें विचारावें, मुलीनें आठवण द्यावी, सुनेनें सोबत जावें. हा विषय जेवणाच्या पाटावर नको, असें वाटल्यास ओटीवर बोलावा; परंतु बोलावा.

उमरठच्या त्या कथेंतील पित्याला मुलाचें लग्न प्रिय नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु त्यानें ओळखलें कीं, लग्नाला दुसरा मुहूर्त मिळतो, गडाला मिळेलच असें नाहीं. स्तनांतील गांठीचेंहि तसेंच आहे. लावणी दुसऱ्याच्या हातून होते, पाहुणे दुसऱ्या पंगतीला बसतात, लग्नाची तीथ महिनाभर पुढें सरकते. गांठ मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. ज्या घरांत आईनें ‘लग्न उरकूं दे, मग पाहूं’ म्हटलें असेल, तेथें लेकीनेंच तिचा हात धरून सांगावें कीं, आधीं तुझी तपासणी, मग माझें लग्न.